नाटक गेलं, पद उरलं

दिवाळी सरली की बल्लारपूरच्या आसपास, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही या रंगभूमीची राजधानी. रात्री उभं राहिलेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि त्यातली गाणी ऑर्गन-तबल्याच्या जिवंत साथीवर होतात. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा देशाने या रंगभूमीची दखल घेतली. एकल पियानोवरच्या जाझची गोष्ट इथून सुरू करतो आहे, कारण जाझवाले ज्या गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, त्यांतली पुष्कळशी मुळात नाट्यपदंच आहेत.

‘टी फॉर टू’ हे व्हिन्सेंट यूमन्सचं पद १९२५ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘नो, नो, नॅनेट’ या नाटकातलं. जेरोम कर्नचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ १९३९च्या ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’मधलं. ते नाटक ५९ प्रयोगांत बंद पडलं. आज ते कुणाला आठवत नाही, पद मात्र जगभर वाजतं. का वाजतं, ते आपल्या भाषेत सांगता येतं. जेमतेम ३६ बारच्या त्या गाण्यात षड्ज पाच ठिकाणी हलतो.

आपल्या कानाला हे अवघड जातं. तंबोऱ्याने धरून ठेवलेला सा हलत नाही. गायक त्याच्याभोवती फिरून येतो. गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली ‘मानापमान’च्या पदांना चाली दिल्या आणि पेटीच्या एकलवादनाला मैफलीत मान मिळवून दिला. तेव्हापासून पेटीवर नाट्यपद वाजवणारा चालीचाच विस्तार करत आला: मुखडा, ताना, तिहाई, पुन्हा मुखडा. जाझचा पियानोवादक चाल ओळखू येईल इतकी राखतो आणि तिच्याखालच्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, बदलतो. तोच वरचा स्वर एका कॉर्डमध्ये गंधार असतो, पुढच्या कॉर्डमध्ये निषाद होतो. स्वर जागचा हलत नाही, त्याचा अर्थ हलतो. माझ्या मते या कलेचा सगळा जीव इथे आहे.

बँडमध्ये चालीखालच्या कॉर्ड सांभाळायचं काम वाटून घेतलेलं असतं. एकट्या पियानोवर ते डाव्या हाताला करावं लागतं. ‘स्ट्राइड’ नावाच्या जुन्या पद्धतीत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातला स्वर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मधल्या सप्तकातली कॉर्ड. हात सतत उड्या घेत असतो. पियानोवादक आर्ट टेटमने १९३३ साली ध्वनिमुद्रित केलेलं एकल ‘टी फॉर टू’ ऐकताना दोन माणसं वाजवत असल्याचा भास होतो.

तरी आपल्या श्रोत्यांना मी आधी पियानोवादक थेलोनियस मंक सुचवेन, १९६५ची ‘सोलो मंक’ ही तबकडी. पियानोवर मींड निघत नाही. पेटीवरही निघत नाही, आणि त्या कारणासाठीही १९४०पासून सुमारे तीस वर्षं तिला आकाशवाणीवर बंदी होती. आपल्या पेटीवाल्यांनी कणस्वरांनी वाट काढली. मंक शेजारचे दोन स्वर एकदम दाबतो आणि त्यातला एक सोडून देतो; मग उरलेला स्वर वाकल्यासारखा ऐकू येतो.

एकल पियानोची ही विद्या पूर्वी मुंबईतही येऊन गेली. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगसोबत वाजवलेला टेडी वेदरफोर्ड १९२६ साली आशियात आला, शांघायमध्ये राहिला आणि १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच दशकात, १९३७ साली, पॅरिसमध्ये त्याने एकल पियानोच्या तबकड्या केल्या. त्यांत हेच ‘टी फॉर टू’ आहे. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने तो गेला, वय अवघं ४१. त्या काळात जाझ वाजवणारे गोव्याचे अनेक वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले, आणि कॉर्डची ती समज सिनेमाच्या गाण्यांत उतरली. एकल पियानोचं मात्र आपल्याकडे घराणं झालं नाही, याची मला हळहळ वाटते.

हातपेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला असतो. पायाने हवा भरायच्या ऑर्गनवर तो मोकळा होतो, आणि संगीत नाटकाने तो ऑर्गन फार पूर्वीच आपलासा केला. तरी आपल्याकडे डावा हात बहुधा उजव्याचीच चाल खालच्या सप्तकात वाजवतो किंवा सा-प धरून बसतो. त्याला वेगळं काम दिलं, षड्ज हलवला, तर राग मोडेल हे खरं. रागात बांधलेल्या पदांवर हा प्रयोग मी तरी सुचवणार नाही. पण झाडीपट्टीच्या नाटकात लावणी असते, सिनेमाच्या वळणाची हलकीफुलकी गाणी असतात. ती मोकळी आहेत. ऑर्गनवर बसणाऱ्या एखाद्या तरुणाने त्यातलं एक निवडावं, तबला थांबवून एकट्याने वाजवावं, आणि दुसऱ्या फेरीत चाल तीच ठेवून फक्त डावा हात बदलावा.