एक दिग्दर्शक, अनेक रूपें

चित्रपटाची चर्चा वडील माणसांसमोर करूं नये, असा एके काळीं आपल्या घरांतून दंडक असे. तो आतां राहिला नाहीं. ज्या मीरा-भाईंदरच्या परिसरांत पूर्वीं मिठागरें व भातशेतें दूरवर पसरलेलीं असत, तेथें आज उंच इमारतींतून तीन तीन पिढ्या एका पडद्यासमोर बसतात. मात्र काय पाहावें, याविषयीं एकमत क्वचितच होतें. आजोबांस पौराणिक कथा हवी, सुनेस सामाजिक प्रश्न हवा, नातवंडांस नाचगाणें हवें. या सर्वांचें समाधान एकाच दिग्दर्शकाच्या कृतींनीं होईल काय? आमच्या मतें होईल. तो दिग्दर्शक म्हणजे व्ही. शांताराम.

अमेरिकेंत हॉवर्ड हॉक्स यानें गुन्हेगारांच्या कथेपासून प्रहसनापर्यंत आणि तेथून गुराख्यांच्या साहसकथेपर्यंत लीलेनें संचार केला. शांतारामांचा संचार त्याहून कमी नव्हता. परंतु वारंवार विषय बदलणाऱ्या कलावंतास स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें नसतें, असा एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो कितपत खरा, हें त्यांच्या कृतींवरूनच ठरविलें पाहिजे.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ सालीं कोल्हापुरास झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत त्यांनीं पडेल तें काम करून ही कला आत्मसात केली. सन १९२९ मध्यें विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं 'प्रभात' स्थापिली; १९३३ मध्यें ती संस्था पुण्यास आली.

मराठीचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' त्यांनींच १९३२ सालीं दिग्दर्शित केला. तारामतीच्या भूमिकेंत दुर्गाबाई खोटे होत्या. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रीनें पडद्यावर यावें, ही त्या काळीं लहानसहान गोष्ट नव्हती. कथा हरिश्चंद्राची, म्हणजे दिलेलें वचन राज्य, पत्नी व पुत्र गमावूनहि पाळणाऱ्या राजाची. या वचनाकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें, कारण पुढील चित्रपटांत तेंच निरनिराळ्या वेषांत भेटतें.

'अमृतमंथन' (१९३४) या काल्पनिक राज्याच्या कथेंत राजगुरू देवीच्या नांवानें आज्ञा देतो आणि राजाच्या वधाचें काम एका आज्ञाधारक भक्तावर येतें. धर्माच्या नांवानें बांधून घेतलेला माणूस अधर्म करूं लागला, तर ती निष्ठा कशाच्या कामाची? 'धर्मात्मा' (१९३५) या संतपटांत बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेंत आहेत. तेथें हाच विचार अस्पृश्यतेच्या प्रश्नास जाऊन भिडतो.

आणि मग १९३७ चा 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील हा चित्रपट थेट आपल्यासारख्या घराच्या माजघरांत शिरतो. नीरेचा विवाह फसवून एका वृद्ध वकिलाशीं लावण्यांत येतो. वचन दिलें गेलें खरें, पण तें तिचें नव्हे. तिच्या वतीनें इतरांनीं दिलेलें. नीरा घर सोडीत नाहीं, परंतु त्या विवाहास विवाहहि मानीत नाहीं. शांता आपटे यांनीं हा निश्चय विलक्षण ताठपणें दाखविला आहे. पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. ऐकूं येतात ते घरांतले नित्याचे आवाज. म्हाताऱ्या काकासाहेबांचें भिंतीवरील घड्याळ जणूं त्यांच्या आयुष्याचाच हिशेब देत असतें. केशवराव दाते यांनीं त्यांस केवळ खलपुरुष होऊं दिलें नाहीं. आपला अन्याय उमजलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांसमोर खचत जातो, आणि म्हणूनच तो पाहणाऱ्या पुरुषांस अधिक बोचतो.

'माणूस' (१९३९) मध्यें एक पोलीस शिपाई एका वेश्येस प्रतिष्ठित जीवनाची आशा दाखवितो. 'शेजारी' (१९४१) मध्यें धरणाच्या प्रश्नावरून जिवबा व मिर्झा या जिवलग शेजाऱ्यांत फूट पाडली जाते. हिंदी आवृत्तींत हिंदूची भूमिका मजहर खान यांनीं व मुसलमानाची गजानन जागीरदार यांनीं केली. या अदलाबदलींतच चित्रपटाचें सारें सार आलें.

'प्रभात' सोडल्यावर १९४२ मध्यें त्यांनीं मुंबईस 'राजकमल' उभारिलें. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची चीनमधील रुग्णसेवा त्यांनीं १९४६ मध्यें पडद्यावर आणिली व नायकाची भूमिका स्वतः केली. पुढें 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) व 'नवरंग' (१९५९) हे रंगीत नृत्यपट आले. त्यांची नेत्रदीपकता निर्विवाद आहे, परंतु रंगांच्या गर्दींत माणूस हरवतो, हें आम्हांस सांगितलें पाहिजे.

मधल्या १९५७ सालच्या 'दो आंखें बारह हाथ'नें मात्र ती उणीव भरून काढली. औंध संस्थानांतील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागें आहे, कथा ग. दि. माडगूळकरांची. एक जेलर सहा खुन्यांस घेऊन माळरानावर शेती करितो. तेथें भिंत नाहीं, बेडी नाहीं. केवळ शब्दावरचा विश्वास. बर्लिनच्या महोत्सवांत १९५८ मध्यें या चित्रपटाचा गौरव झाला. आणि 'पिंजरा' (१९७२)! तमाशाच्या मोहांत पडलेले मास्तर गांवाच्या दृष्टीनें मेलेले असतात; शेवटीं स्वतःच्याच खुनाचा आरोप ते मुकाट्यानें स्वीकारितात, कारण गांवानें मनांत बसविलेला आदर्श मोडूं नये.

हरिश्चंद्राचें वचन पाळलेलें, नीरेचें लादलेलें, कैद्यांचें विश्वासानें मिळविलेलें आणि मास्तरांचें मोडलेलें! रूपें बदललीं, प्रश्न बदलला नाहीं. आक्षेपास आमचें उत्तर हेंच.

आतां घरांत पाहावयाचेच झाले, तर वाचकांनीं आरंभ 'कुंकू'पासून करावा. तो वडील माणसांनीं व लेकीसुनांनीं एकत्र बसून पाहावा आणि नंतर कोणी लगेच उठूं नये. आपल्या घरांत ठरलेल्या किती गोष्टी जिच्याविषयीं ठरल्या तिला विचारून ठरल्या, हा हिशेब त्याच बैठकींत मोकळेपणानें व्हावा. नाचगाण्यांचे चित्रपट दुसऱ्या दिवशीं पाहतां येतील.