वेदनावाचक शब्द आणि देहाची जाणीव

शरीराच्या सूचनांकडे लक्ष द्यावे, हा उपदेश आरोग्यविषयक लेखनात वारंवार आढळतो. परंतु सूचना जाणवणे आणि ती ओळखणे ह्या दोन भिन्न क्रिया होत. जाणवलेल्या गोष्टीस नाव दिल्याखेरीज ती दुसऱ्यास सांगता येत नाही, आणि पुष्कळदा स्वतःलाही नीट उमगत नाही. ह्या दृष्टीने मराठीतील देहसंवेदनावाचक शब्दांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वाक्यरचना पाहू. ‘मला भूक लागली’, ‘मला चक्कर आली’ ह्या वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत असून क्रियापद भूक, चक्कर ह्या नामांप्रमाणे चालते. उलट ‘मी जेवतो’, ‘मी निजतो’ ह्यांत ‘मी’ हाच कर्ता होय. म्हणजे संवेदना आपल्याकडे येते. कृती आपण करतो. ह्या दोन वाक्यांच्या मधली जागा निर्णयाची आहे. केवळ घड्याळ पाहून जेवणारा पहिले वाक्य न ऐकताच दुसऱ्याकडे जातो. कामापायी जागणारा पहिले ऐकूनही दुसरे टाळतो.

मात्र देहाची प्रत्येक मागणी मान्य करावी, असा ह्याचा अर्थ नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ७ व्या अध्यायात भूक, तहान, झोप, शिंक, जांभई, अश्रू इत्यादी १३ वेग अडवू नयेत असे सांगितले आहे. लोभ, भय, क्रोध ह्यांसारखे वेग मात्र आवरावेत, असेही तेथेच म्हटले आहे. मराठीही असा विवेक करते. भूक लागते, पण वखवख सुटते. श्रमलेल्यास झोप येते, तर तापाने फणफणलेल्यास ग्लानी येते. पहिलीस अंथरूण पुरते; दुसरीस वैद्य लागतो.

वेदनेच्या बाबतीत हे शब्दभांडार विशेष समृद्ध आहे. गळू ठसठसते, दाढ ठणकते, काटा सलतो, खरचटलेले चुरचुरते. पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो. कळ थांबून थांबून येते. म्हणूनच प्रसूतीच्या ‘कळा’ अनेकवचनी. तापापूर्वी अंगात कणकण जाणवते. ह्यांपैकी प्रत्येक शब्द वेदनेचे स्थान, तीव्रता किंवा लय ह्यांपैकी काही ना काही सांगतो. ‘दुखते’ ह्या एकाच शब्दावर भागविल्यास ही सारी माहिती लोपते.

अशा शब्दांचे मोल वैद्यकशास्त्रानेही मानले आहे. मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक ह्यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ वेदनावाचक शब्द २० गटांत मांडले असून रुग्णाने आपल्या वेदनेस लागू पडणारे शब्द निवडावयाचे असतात. अशा प्रश्नावलीचे केवळ शब्दशः भाषांतर करून भागत नाही. त्या त्या भाषेतील बोलते शब्दच शोधावे लागतात.

नेमका शब्द न सापडल्यास काय होते, ह्याचा एक अनुभव नमूद करतो. प्रस्तुत लेखकाच्या आप्तांपैकी एका वृद्ध बाई एके रात्री ‘जीव कसानुसा होतोय’ एवढेच म्हणत राहिल्या. छातीत दुखत नव्हते. घाम मात्र फुटला होता. घरच्यांनी ते पित्त मानले, आणि त्यांत शब्दांचा अभ्यासक म्हणविणारा मीही होतो. सकाळी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचे निष्पन्न झाले. त्या वाचल्या, परंतु मोलाचे तास गेले. वृद्धांत, स्त्रियांत आणि मधुमेही रुग्णांत असा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. धाप, घाम, मळमळ एवढीच त्याची लक्षणे असू शकतात.

येथेच देहाच्या बोलण्याची मर्यादाही ध्यानी येते. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच बोलत नाही. तो मोजावाच लागतो. मधुमेहाने मज्जातंतू बिघडलेल्या पायास जखम झाल्याचेही कळत नाही. तेथे रोज डोळ्यांनीच पाहावे लागते.

तेव्हा काय होते, कोठे होते, केव्हापासून आणि कशाने वाढते, हे स्वतःच्या शब्दांत सांगण्याची सवय असावी. डॉक्टरांपुढे उसना पारिभाषिक शब्द योजण्यापेक्षा ‘ठणकते’ की ‘सलते’ हे सांगणे अधिक उपयोगी. आणि एखादी व्यक्ती ‘कसेसेच होते’ म्हणाली, तर तो शब्द संदिग्ध म्हणून सोडून न देता तिला पुढचा प्रश्न विचारणे, हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य होय.