रॉ फाइलवर फिल्मचा रंग

डिजिटल कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये तयार छायाचित्र नसते. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर किती प्रकाश पडला, एवढीच नोंद तिच्यात असते. 14 बिटच्या फाइलमध्ये ही नोंद 16,384 पायऱ्यांत होते. जेपीईजीत प्रत्येक रंगाला जेमतेम 256 पायऱ्या मिळतात. शिवाय एका पिक्सेलसमोर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर असतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढावे लागतात. चित्र कसे दिसावे, हे ठरते त्यानंतर. फिल्म सिम्युलेशन म्हणजे हे ठरवण्याचे काम एखाद्या जुन्या फिल्मकडे सोपवणे.

पूर्वी ते रोल विकत घेतानाच ठरून जाई. फुजीची 1990 मध्ये आलेली वेल्विया हिरवळ आणि आकाश गडद करी, म्हणून निसर्गचित्रे टिपणाऱ्यांची ती लाडकी. चेहऱ्यांना मात्र ती मानवत नसे. फिल्मची प्रकाश झेलण्याची रीतही सेन्सरहून वेगळी होती. सेन्सरवर प्रकाश दुप्पट झाला की आकडा दुप्पट होतो आणि मर्यादा गाठताच तपशील एकदम नाहीसा होतो. निगेटिव्ह फिल्म उजळ भागात हळूहळू मंदावत जाते.

फुजीच्या अनेक कॅमेऱ्यांत अशी सिम्युलेशन्स आतच असतात, पण त्यांचा रंग जेपीईजीवर चढतो. रॉ नोंद तशीच राहते. इतर कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलसाठी रॉथेरपी हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे. ते ‘हाल्ड’ नावाची एक रंगीबेरंगी प्रतिमा कोष्टकासारखी वाचते: अमुक रंग आला तर त्याजागी तमुक रंग. 1728 × 1728 पिक्सेलच्या हाल्डमध्ये सुमारे 29.86 लाख रंगांचे बदल नोंदता येतात. असे कोष्टक घरीही बनते. मूळ हाल्ड प्रतिमेवर हवे ते रंगबदल करायचे आणि ती पीएनजी किंवा टिफ म्हणून ठेवायची. जेपीईजीच्या कॉम्प्रेशनने मात्र कोष्टकच बिघडते.

क्रम महत्त्वाचा. आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, त्यानंतर सिम्युलेशन. अंधारलेल्या फोटोतील रंग कोष्टकात भलत्याच जागी पडतात; फिल्मचे नाव कितीही मोठे असले तरी निकाल मळकट येतो. बहुतेकांची निराशा इथेच होते आणि दोष बिचाऱ्या फिल्मच्या नावावर जातो.

कोष्टक एका वेळी एकाच पिक्सेलचा रंग पाहते. म्हणून फिल्मचे ग्रेन किंवा दिव्याभोवती पसरणारी तांबूस आभा त्यातून येत नाही. ती वेगळी घालावी लागते. रंगही अंदाजेच असतात, कारण एकच रोल वेगवेगळ्या लॅबमध्ये वेगळा दिसे. पूर्ण जोर लावण्याऐवजी ‘स्ट्रेंग्थ’ थोडी उतरवली तर चित्र बहुधा अधिक खरे वाटते.

हे सारे बदल रॉथेरपी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवते आणि मूळ नोंदीला हात लावत नाही. वेल्वियाचा कंटाळा आला तर तोच फोटो कृष्णधवल करता येतो. तेव्हा जेपीईजी काढून झाले, म्हणून रॉ फाइल पुसून टाकू नये.