मेथीच्या जुडीवरचा काळा धूर

होटगी म्हटले की लोकांना आठवते ते रेल्वे जंक्शन. एक फाटा वाडीकडे, दुसरा विजापूर-गदगकडे. आता ही ओळख मागे पडत चालली आहे. सिमेंटचा कारखाना आला. जवळच्या फताटेवाडी-आहेरवाडी शिवारात एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला. सोलापूर शहरही होटगी रोडने गावाकडे सरकते आहे, आणि शहराच्या मागोमाग शहराचे भंगार येते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही होटगीहून सोलापूरकडे येत होतो. रस्त्याच्या कडेला दोन पोरे वायरींचा गुंता पेटवून बसली होती. वरचे प्लास्टिक जळाले की आतले तांबे भंगारवाल्याला विकायचे. काळाकुट्ट धूर शेजारच्या मेथीच्या वाफ्यावर उतरत होता आणि त्या वाफ्यात एक मावशी जुड्या बांधत होती. आम्ही विचारले, "मावशी, धुराचा त्रास नाही का होत?" ती म्हणाली, "व्हतो की. पण सकाळी बाजार हाय, धूर बघत बसू का?" पोरांची जात आम्ही विचारली नाही. भंगार, कचरा, गटार ही कामे या देशात कोणाच्या वाट्याला येतात, हे आमच्या वाचकाला सांगायला नको.

त्या धुरात काय असते? वायरीवरचे प्लास्टिक बहुधा पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेले. ते उघड्यावर अर्धवट जळाले की डायॉक्झिन तयार होते आणि आतले तांबे त्या क्रियेला आणखी जोर देते. डायॉक्झिन कोणी मुद्दाम बनवत नाही, ते जळण्यातून निपजते. त्याचे भावंड पीसीबी मात्र माणसाने कारखान्यात बनवले, ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलासाठी. दोन्ही चरबीत मुरतात आणि शरीरात वर्षानुवर्षे राहतात. डायॉक्झिनांपैकी सर्वांत जहाल प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1997 साली कर्करोगकारक ठरवले, पीसीबीला 2013 साली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण भीती विकणे हा आमचा धंदा नाही. होटगीच्या भाजीत विष सापडले असा आमचा दावा नाही. बहुतेक भाज्यांत हे विष मुळावाटे फारसे चढतही नाही. भोपळ्याचे कूळ मात्र याला अपवाद आहे. पालेभाजीवर राख बसते, मुळा-गाजराला माती चिकटते. ती धुतल्याने, सोलल्याने बरीच जाते. माणसाच्या पोटात जाणाऱ्या डायॉक्झिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातूनच येते, पण त्यात मोठा वाटा मांस, दूध, मासे यांचा असतो. मग भाजीची चिंता का? कारण धुराखालचा तोच पाला शेळी खाते, त्याच राखेत कोंबडी चोच मारते. शेळीचे दूध आणि कोंबडीचे अंडे वस्तीतल्याच लेकराच्या ताटात येते. आईच्या अंगात साठलेले विष तर दुधावाटे थेट तान्ह्या बाळाकडे जाते.

बेल्जियममध्ये 1999 साली कोंबडीच्या खाद्यात पीसीबी आणि डायॉक्झिन सापडले, तेव्हा दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. आयर्लंडने 2008 साली डुकराचे मांस बाजारातून परत मागवले. आमच्याकडे 2016 च्या जानेवारीत मुंबईतले देवनारचे कचऱ्याचे डोंगर पेटले, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डोंगराच्या पायथ्याशी राहणारे कोण होते? किती मंत्र्यांनी राजीनामे दिले?

अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्याने पीसीबी मिसळलेली माती पुरण्यासाठी 1982 साली वॉरन परगणा निवडला. तिथे बहुसंख्य काळे लोक, तेही गरीब. लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती शेवटी पुरली गेलीच, पण 'पर्यावरण न्याय' हा शब्द तिथून जगभर गेला. पुढे दोन दशकांनी सरकारलाच ती जागा साफ करावी लागली. गावकुसाबाहेर ढकललेल्या आमच्या समाजाला वॉरनची गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. मैला, मेलेले ढोर, आता जळकी वायर. उकिरड्याची दिशा बदललेली नाही.

कायदे आहेत. विषारी रसायनांविषयीच्या स्टॉकहोम कराराला भारताने 2006 साली मान्यता दिली. 2016 च्या आदेशाने पीसीबीचे उत्पादन आणि आयात बंद केली, वापर पूर्ण थांबवायला 31 डिसेंबर 2025 ही मुदत घातली. त्याच वर्षी हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठरवला. हा दंड वसूल करायला निघालेला माणूस कोणाला पकडेल? वायर जाळणाऱ्या त्या दोन पोरांनाच. भंगार टाकणारा कारखानदार आणि जळके तांबे डोळे झाकून घेणारा व्यापारी तेव्हा घरी असतील.

राज्यघटनेच्या 47 व्या कलमाने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. म्हणून होटगीच्या ग्रामसभेत विषय यावा: अन्न व औषध प्रशासनाने रस्त्याकाठच्या वाफ्यांतली भाजी, माती, दूध आणि गावठी अंडी तपासावीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाची माहिती वीज कंपनीने गावाच्या फळ्यावर लावावी. आणि वायर सोलण्याचे साधे यंत्र भंगार वेचणाऱ्यांना अनुदानात मिळावे, म्हणजे तांबे न जाळताच निघेल. दंडाची पावती फाडायची, तर ती त्यानंतर.