मेयोनीज आणि अंड्याच्या पावडरची सरकारी तपासणी कशी होते? पाकिटावरचा नंबर मोबाईलवर असा तपासा

कुंडल म्हटलं की कुस्तीचं मैदान आठवतं, आणि पैलवानांचा खुराकही. दुधात कच्चं अंडं फोडून प्यायची सवय तालमीत जुनीच. ते अंडं खराब निघालं, तर त्रास एकाच माणसाला होतो. कारखान्यात मात्र हजारो अंडी एकाच टाकीत फोडतात. त्यातल्या एका अंड्यात साल्मोनेला हा जंतू असला, तरी तो सगळ्या टाकीत जातो. म्हणून अंड्याची पावडर, पातळ अंडं, मेयोनीज यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

जंतू कसे मारतात?

दुधासारखंच पाश्चरायझेशन करून. अमेरिकेच्या आधीच्या नियमात पूर्ण अंड्याचं मिश्रण 60 अंश सेल्सिअसवर साडेतीन मिनिटं ठेवायला सांगितलं होतं. फार तापवलं तर अंडं शिजून गोठतं, कमी तापवलं तर जंतू जगतात. त्यामुळे तापमानाची नोंद महत्त्वाची. युरोपात 25 ग्रॅमचे 5 नमुने घेतात, एकातही साल्मोनेला सापडता कामा नये.

हॉटेलात मिक्सरवर केलेल्या कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमध्ये ही पायरीच नसते. म्हणूनच केरळने जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणाने 30 ऑक्टोबर 2024 ला आणि तमिळनाडूने 8 एप्रिल 2025 ला त्यावर बंदी घातली. शेवटच्या दोन्ही बंद्या एका वर्षासाठी होत्या.

आपल्याकडे तपासणी कोण करतं?

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. नियम एफएसएसएआय ठरवते, तर महाराष्ट्रात प्रत्यक्ष काम अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए करतं. अंड्यांचे पदार्थ जास्त जोखमीच्या गटात येतात. अन्न सुरक्षा अधिकारी कारखान्यात, गोदामात किंवा दुकानात जाऊन नमुना घेऊ शकतो. नमुन्याचे चार भाग करून सील करतात. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल, तर दुकानदाराला 30 दिवसांत अपील करता येतं.

पुरवठादार सापडतो तो बिलामुळे

प्रत्येक अंडं तपासणं कुणालाच शक्य नाही. म्हणून कायदा साखळी धरतो. कलम 26 नुसार माल विकणाऱ्याने पुढच्या विक्रेत्याला लेखी हमी द्यायची असते, आणि बिल हीच हमी मानली जाते. समजा, कुंडलच्या एखाद्या बेकरीवाल्याने दोन पैसे वाचवायला सुट्टी पावडर बिनबिलाची घेतली. उद्या नमुना नापास झाला, तर माल कुणाकडून आला हे तो दाखवणार कशावरून? अधिकाऱ्याचा माग त्याच्याच दारात थांबतो. आणि तोच खराब माल दुसऱ्या गावात विकला जात राहतो.

नंबर कसा तपासायचा?

1. पाकिटावर एफएसएसएआयच्या चिन्हाजवळ 14 आकडी नंबर शोधा.
2. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी.
3. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा 15. तिथे 00 असेल तर केंद्रीय परवाना.
4. त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे.
5. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपमध्ये हा नंबर टाका. नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का, हे पाकिटाशी जुळवून बघा.

नंबर जुळला म्हणजे ते पाकीट तपासलेलंच आहे, असं मात्र नाही. काही झालं तर कुणाला धरायचं, एवढं त्यावरून कळतं. शंका आली तर त्याच ॲपवर किंवा एफडीएच्या 1800-222-365 या टोल फ्री नंबरवर तक्रार करा. पाकीट आणि बिल फेकू नका, तक्रारीला तेच कामाला येतं.

आणि हो, मोमोच्या गाड्यावर उभे असाल तर एवढं विचाराच: "दादा, मेयोनीज पाकिटातलं की घरी केलेलं?"