स्वाभिमान आहे, 'मला जमेल' कुठे आहे?

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' आहे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मोफत मिळते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधीच लागले होते. योजना आहे, कायदाही आहे. मग घोडे अडते कुठे?

माहिती नाही म्हणून अडते, असे सरकार समजते आणि भिंती रंगवते. पण वस्तीतल्या मुलीला माहिती असते. लग्न लवकर करू नये हे तिला ठाऊक आहे, पण बापापुढे तोंड उघडत नाही. गोळी घ्यावी हे ठाऊक आहे, पण मळमळले तर विचारायचे कुणाला? गुटखा वाईट हे मुलालाही ठाऊक आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही मित्राने पुडी पुढे केली की त्याला 'नको' म्हणता येत नाही. माहिती आणि कृती यांच्यामध्ये एक दरी आहे. ती 'हे मला जमेल' या विश्वासाने भरून निघते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या विश्वासाचा सिद्धांत मांडला. मराठीत त्याला स्वक्षमता म्हणता येईल. सापाला भिणाऱ्या माणसांवर त्याने प्रयोग केले. साप निरुपद्रवी आहे असे नुसते सांगून जेवढी भीती जात नव्हती, तेवढी एकेक पाऊल पुढे टाकत स्वतः हात लावल्यावर जात होती. बांडुराच्या मते हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून पाहण्यातून. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेले पाहण्यातून. कुणीतरी दिलेल्या धीराचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणजे भाषण शेवटी येते, हे आपल्या वक्त्यांनी ध्यानात घ्यावे!

हे आपल्याला नवे नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले होते. कागदावर तळे खुले होते, पण सवर्णांच्या दहशतीमुळे पाण्याला हात लागला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. लोकांवर लाठ्या पडल्या, पुढे खटला चालला, पण 'आम्हांस जमत नाही' ही हजारो वर्षांची शिकवण त्या ओंजळीने मोडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच बाबासाहेबांनी आयाबहिणींना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत टाका, असे सांगितले. कृती छोटी होती, उद्या सकाळी करता येईल अशी होती आणि अनेकींनी ती केलीही.

आरोग्यातही हेच घडले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या आणि अनेक दलित होत्या. त्या दर आठवड्याला शिकायला येत आणि शिकलेले गावात करून पाहत. ज्या घरांत त्यांची सावली चालत नव्हती, त्याच घरांतून पुढे बाळंतपणासाठी त्यांना बोलावणे येऊ लागले. पैठण तालुक्यातील पाचोडच्या आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकाअखेरीस किशोरवयीन मुलींचे वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. आरोग्य, हक्क, बँकेचा आणि सरकारी कचेरीचा व्यवहार असे विषय होते. त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. एकच वर्ष, असे कुणी म्हणेल. सोळाव्या वर्षी गरोदर राहणाऱ्या मुलीला विचारा, एका वर्षाची किंमत काय असते ती!

मात्र येथे एक सावधगिरी हवी. 'आत्मविश्वास नाही म्हणून हे मागे राहिले' असे म्हणायला प्रस्थापित टपलेलेच आहेत. हा विश्वास जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या पद्धतशीर ठेचला आहे. तो आमचा जन्मजात दोष नव्हे. दवाखान्यात डॉक्टर नसेल, गोळ्यांचा साठा संपलेला असेल, नळाला पाणी नसेल, तर मुलीला 'हिंमत धर' म्हणणे ही फसवणूक आहे. महाडला मनातली भीती आणि तळ्यावरची बंदी, दोन्हींशी एकाच वेळी लढा झाला. आजही दोन्ही आघाड्यांवर लढावे लागेल.

चळवळीने आपल्याला स्वाभिमान दिला. 'मी कुणापेक्षा कमी नाही' हे आपला मुलगा छाती ठोकून सांगतो. पण पुडी नाकारणे, रक्त तपासून घेणे, पाळीबद्दल डॉक्टरशी बोलणे, लग्नाला नकार देणे ही कामे घोषणेने होत नाहीत. ती सरावाने येतात. सराव करायची जागा आपल्याकडे आहे. ती म्हणजे विहार!

रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास मुलामुलींसाठी ठेवा. नकार कसा द्यायचा, हे त्यांना एकमेकांसमोर बोलून पाहू द्या. शिकलेल्या मोठ्या मुलीने चौघींना घेऊन मैत्री क्लिनिकची पायरी चढावी. गोळ्या मिळाल्या नाहीत तर त्याच मुलींनी अर्ज लिहावा, त्यांनीच तो वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात द्यावा आणि पोच घ्यावी. कार्यकर्त्यांनी पाठीशी उभे राहावे, पुढे पुढे करू नये. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा या कामाला दिला, तर डीजेचा आवाज जरा कमी होईल, एवढेच. मुलीचा आवाज मात्र घरात ऐकू येईल.