नियम बदलले की देव मरतात

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात असलेल्या चकलांब्याहून गोदावरी ओलांडली की एकनाथांचे पैठण फारसे दूर नाही. या पट्ट्यातील श्रोत्याला सोंगी भारूड समजावून सांगावे लागत नाही. समोरचा माणूस वासुदेव, जोशी किंवा भुत्या होऊन येतो आणि काही काळ तो तोच असतो. भारुडातील शब्द मात्र ठरलेले असतात. ते ठरलेले नसते, प्रत्येक सोंगाने आपले बोलणे आणि करणी जागच्या जागी ठरवली असती आणि ती फळाला आली की नाही याचा निवाडा फाशाने केला असता, तर जे घडले असते, त्याच्या जवळ जाणारा एक खेळ अमेरिकेत पन्नास वर्षांहून अधिक काळ खेळला जात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो रचला. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावातून १९७४ मध्ये त्याच्या जेमतेम हजार प्रती निघाल्या. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी पात्रे घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू काय करणार ते सांगतात आणि वीस पैलूंचा फासा पडतो. पटाची सक्ती नाही, शेवटी कोणी जिंकत नाही. कथा पुढच्या बैठकीत सुरू राहते, कधी कधी वर्षानुवर्षे.

अशा खेळाला नियमांचे जाड ग्रंथ लागतात आणि ग्रंथ म्हटले की आवृत्त्या आल्या. १९७७ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाचा विस्तारित अवतार आला. पुढे दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये, तिसरी २००० मध्ये, चौथी २००८ मध्ये आणि पाचवी २०१४ मध्ये निघाली. पाठ्यपुस्तक बदलले की जुने रद्दीत जाते, तसे येथे होत नाही. घरातले जुने पुस्तक हिसकावून घ्यायला कोणी येत नाही. तरीही प्रत्येक आवृत्तीच्या वेळी चाहत्यांत कडाक्याचे वाद झाले. त्याचे एक कारण खिशाचे आहे. दुसरे अधिक गुंतागुंतीचे असून ते कादंबऱ्यांत दडलेले आहे.

१९८४ मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘ड्रॅगनलान्स’ या खेळमालिकेसोबत निघालेली ही जोडकादंबरी स्वतःच्या बळावर गाजली आणि पुढे त्या मालिकेत दीडशेहून अधिक पुस्तके आली. एड ग्रीनवुड यांनी कल्पिलेल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगाचेही तसेच झाले. आर. ए. साल्वातोरे यांनी १९८८ मध्ये ‘द क्रिस्टल शार्ड’मधून आणलेला ड्रिझ्ट हा काळ्या वर्णाचा, दोन तलवारींचा योद्धा फासा कधीही हातात न घेतलेल्या वाचकांनाही ठाऊक झाला.

अडचण येथेच सुरू झाली. कादंबरीतील जग खेळाच्या नियमांवर उभे होते. नियम बदलले की त्या जगाचे काय करायचे? नुसती छापील शुद्धिपत्रे काढता आली असती. प्रकाशकांनी मात्र बदलाला कथेचे रूप द्यायचे ठरवले.

दुसऱ्या आवृत्तीत ‘मारेकरी’ हा पात्रवर्ग वगळण्यात आला. त्या दशकात अमेरिकेतील अनेक पालकांना हा खेळ सैतानाच्या पूजेकडे नेणारा वाटत होता, त्यामुळे कंपनीला त्याचा तोंडवळा सौम्य करायचा होता. त्याच वर्षी, १९८९ मध्ये, तीन कादंबऱ्यांची मालिका निघाली. तिच्यात देवांना स्वर्गातून हाकलून मर्त्यांप्रमाणे पृथ्वीवर भटकायला लावले जाते. खुनाचा देव मारला जातो आणि त्या जगातील मारेकरी एकाच झटक्यात मरतात. कार्यालयात घेतलेल्या एका निर्णयाला इतका मोठा संहार खर्ची पडल्याचे उदाहरण वाङ्मयात विरळाच सापडेल.

२००८ मध्ये पाऊल आणखी पुढे पडले. चौथ्या आवृत्तीत मंत्र वापरण्याची जुनी पद्धतच मोडीत निघाली. तोवर मांत्रिकाने सकाळी मंत्र पाठ करावा, वापरला की तो विसरावा, असा नियम होता. तोही मुळात जॅक व्हान्स यांच्या कथांमधून उचललेला. हा बदल पटवण्यासाठी जादूच्या देवीचा वध झाला, जादूच कोसळली आणि काळ सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलण्यात आला. ड्रिझ्ट दीर्घायुषी वंशाचा असल्याने जिवंत राहिला. त्याचे मानवी सोबती अर्थातच उरले नाहीत. वीस वर्षे त्यांच्यासोबत चाललेल्या वाचकांना हे रुचले नाही, यात नवल नव्हते. खेळाडूंतील नाराज गट तर २००९ मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’ या, तिसऱ्या आवृत्तीच्याच नियमांवर बेतलेल्या प्रतिस्पर्धी खेळाकडे वळला.

पाचव्या आवृत्तीच्या तोंडावर, २०१३-१४ मध्ये, सहा लेखकांच्या सहा कादंबऱ्यांनी ही घडी पुन्हा बसवली. त्यांतील पहिल्या, साल्वातोरे यांच्या ‘द कम्पॅनियन्स’मध्ये ड्रिझ्टचे मृत मित्र पुनर्जन्म घेऊन परततात. नियम मागे आले, त्यासोबत माणसेही आली.

या साऱ्यामागे हिशेबाची वही होतीच. मूळ कंपनी ‘टीएसआर’ १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ला विकली गेली. ती बुडण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत पुस्तक वितरकाकडून परत आलेल्या न खपलेल्या मालाचे कारण ठळक आहे. खेळाला ज्या कादंबऱ्यांनी घराघरांत नेले, त्यांचेच गठ्ठे शेवटी कंपनीच्या अंगावर आले. १९९९ मध्ये ‘विझार्ड्स’ही ‘हॅस्ब्रो’ या खेळणी उत्पादकाच्या मालकीची झाली. जगाची कल्पना करणारे लेखक आणि त्या जगाचा मालक वेगळे असल्याने वाद कोर्टापर्यंतही गेला. वाइस आणि हिकमन यांनी नव्या कादंबऱ्यांच्या करारावरून ऑक्टोबर २०२० मध्ये दावा दाखल केला. डिसेंबरमध्ये तो मागे घेतला गेला आणि २०२२ मध्ये त्यांची नवी ‘ड्रॅगनलान्स’ कादंबरी बाजारात आली.

२०२४ मध्ये खेळाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा नियमांची तीन मूळ पुस्तके नव्याने लिहिली गेली; तिसरे फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. ‘वंश’ हा शब्द काढून ‘प्रजाती’ हा शब्द घालण्यासारखे बदल त्यांत आहेत. मात्र २०१४ नंतरची साहसे या नियमांनी खेळता येतील, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. या खेपेला कोणत्याही देवाचा बळी द्यावा लागला नाही. जुने ग्रंथ बाद न ठरवल्याने तशी गरजच उरली नाही.

या शहाणपणामागे २०२३ चा धडा असावा. इतरांना या नियमांवर आधारित पुस्तके काढू देणारा २००० सालचा मुक्त परवाना बदलण्याचा मसुदा त्या जानेवारीत फुटला आणि चाहत्यांनी इतका गदारोळ केला की महिनाअखेरीस कंपनीने माघार घेतली. पाचव्या आवृत्तीचा गाभा असलेला नियमसंच तिने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. दिलेला हा परवाना परत घेता येत नाही. श्रेयाचा उल्लेख केला की कोणीही तो मजकूर छापू शकतो, विकू शकतो, भाषांतरित करू शकतो. फ्रेंच, जर्मन, इटालियन व स्पॅनिश पाठ तर कंपनीनेच दिले. चकलांब्यातील एखाद्या शिक्षकाने तो मराठीत आणायचे ठरवले, तर त्याला कोणाकडेही अर्ज करावा लागणार नाही. ड्रिझ्ट मात्र त्यात नाही. कादंबऱ्यांतील पात्रे मालकांनी आपल्याकडेच ठेवली आहेत.

राक्षस मात्र त्यात आहे. १९७७ च्या पुस्तकातच तो दाखल झाला होता, वाघाच्या तोंडाचा, ओठांत पाइप धरलेला, आणि पुरोहिताने मंतरलेल्या बाणाने मरणारा. पुढे मंतरलेल्या बाणाची बाब गेली, वाघाचे तोंड राहिले. मराठी भाषांतरकाराला या पाहुण्याचे काय करायचे ते ठरवावे लागेल. नाव बदलण्याची गरज नाही, पण रावण आणि हिडिंबा ऐकून वाढलेल्या मुलांना तो ओळखू येणार नाही.